गोजराबाईचा फोटो

१९७८ सालचा चैत्र सरत आला तरी शिवाच्या कोंड्यांतलं निम्मं मीठ अजून पाण्यातच होतं. शिरवण्याच्या खाली, खाडीच्या अंगाला मिठागर होतं. त्यातल्या अठरा कोंड्या, म्हणजे खाडीचं पाणी आटवायचे वाफे, शिवाचं घर बापापासून कसत आलं होतं. दर साली तिथं तीन माणसं राबायची: शिवा, त्याची बायको पुतळा आणि आई गोजरा. शिवा टोपल्या वाहायचा, पुतळा भरून द्यायची, आणि कोंडीतलं मीठ लांब दांड्याच्या फळीनं ओढून बांधाला लावायचं काम गोजराचं. फळी जरा खोल गेली की मिठात चिखल येतो, वर राहिली की मीठ मागं राहतं. गोजराची फळी बरोबर मधून जायची. या साली फळी पुतळाच्या हातात होती आणि मीठ काळपट निघत होतं.

मुकादम बांधावर येऊन उभा राहिला. खाली वाकून त्यानं चिमूटभर मीठ उचललं, बोटांत चुरलं आणि टाकून दिलं.

"शिवा, हे मीठ हाय का रेती?"

शिवानं टोपली खांद्यावर घेतली.

"अमावशेच्या आत सगलं राशीवर पायजे," मुकादम म्हणाला. "पुढल्या साली इथं कोनी येनार नाय. जमीन नव्या शहरात गेली. मालकाला रान मोकलं करून द्यायचं हाय."

"व्हईल," शिवा म्हणाला.

"म्हातारी कशी हाय?"

"हाय तशीच."

गोजरा घरी खाटेवर होती. माघात तिचं पोट फुगायला लागलं आणि बाकीचं अंग वाळत गेलं. ठाण्याच्या दवाखान्यात दोन वेळा पोटातलं पाणी काढलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी शिवाला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, घरी घेऊन जा, मागतील ते खायला द्या. घरी आल्यावर शिवानं यातलं निम्मंच सांगितलं. "डाक्टर बोलला, काय मागंल ते द्या." पुढचं त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही तोंडातून काढलं नाही.

पुतळा पहाटे उठायची, चूल पेटवायची आणि उजाडायच्या आत सासूचं सगळं आवरायची. उजेडात कुणी आपल्याला पुसावं, धुवावं हे गोजराला नको असायचं. बारा वर्षांच्या संसारात या दोघींचं बोलणं कामापुरतंच झालेलं होतं. गोजरा भांडकुदळ नव्हती. पण तिला दुसऱ्याच्या हातचं पटत नसे. पुतळानं सारवलेली जमीन ती पुन्हा सारवायची, पुतळानं भरलेली टोपली हातानं दाबून बघायची. आता त्याच पुतळाच्या हातांनी तिला कुशीवर वळावं लागत होतं. ती डोळे मिटून तोंड भिंतीकडं करायची. एकदा भिंतीकडं बघतच म्हणाली, "पुसायला फाटका कपडा घे. चांगला नासू नको."

"फाटकाच हाय, आय," पुतळा म्हणाली.

तेवढंच.

काशी दिघ्याहून आली ती अमावास्येला दहा दिवस असताना. काशी शिवाची थोरली बहीण. तिचा नवरा दिघ्याजवळच्या कारखान्यात होता आणि तिच्या घरात पत्र्याखाली का होईना, पंखा होता. ती आली, आईजवळ बसली, आईचे पाय मांडीवर घेतले. पायांना सूज होती. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. काशीनं एकदा दाबून बघितलं, मग पुन्हा दाबलं नाही.

दुपारी शिवा नि पुतळा जेवायला आले तेव्हा ती ओटीवर शिवाला म्हणाली, "आयचा फोटो काढून घेऊया."

शिवाचा घास हातात राहिला. "कशाला?"

"कशाला म्हंजे? माझ्या सासऱ्याचा हाय, सासूचा हाय, भिंतीवर. सणाला हार घालतात. आपल्या घरात कोनाचा हाय?"

"तुझ्या सासूचा फोटो कवा काढला?"

सासूचा फोटो ती गेल्यावर, खुर्चीत बसवून काढलेला होता. शिवाला ते माहीत होतं.

"मंग?" शिवा म्हणाला. "आयला काय झालंय? डाक्टर बोलला खायला द्या. खाते ती. काल पेज खाल्ली."

"दोन घास खाल्ली," पुतळा आतून म्हणाली.

"तू गप बस."

"शिवा," काशी आवाज खाली आणून म्हणाली, "बापूस गेला तवा तू पाच वर्षांचा होतास. तुला त्याचं तोंड आठवतंय?"

"आठवतंय."

"कसा होता सांग."

"मिशी होती. कपालावर हितं कापल्याचा वण होता."

"वण काकाच्या कपालावर होता. बापसाला मिशी नव्हती."

"होती."

"नव्हती, शिवा. मी नऊ वर्षांची होते. त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेली मी."

दोघांचा आवाज चढला. शिवा ताटावरून उठला, हात धुतले आणि आत खाटेपाशी जाऊन उभा राहिला. "आय, बापसाला मिशी होती का नाय?"

गोजरा जागी होती. सगळं तिनं ऐकलेलं होतं. ती वर कौलांकडं बघत राहिली. शिवा थांबला, काशीही दारात आली. पुतळा चुलीपाशी भांडी घासत होती, तिचाही हात थांबला.

"त्याचे पाय आठवतात," गोजरा म्हणाली. "अंगठ्याचं नख गेलेलं. खोकायचा कसा ते आठवतंय. टोपली उतरवताना 'हां' बोलायचा." ती दम घ्यायला थांबली. "तोंड नाय आठवत."

शिवा खाटेच्या कडेला बसला.

"धा वर्षां झाली असतील," ती म्हणाली. "आधी आठवायचं. मंग एक दिवस बघते तर नाय. कोनाला सांगायचं? लोक हसतील, नवऱ्याचं तोंड इसरली."

काशी पदराला नाक पुसत होती. गोजरानं शिवाकडं मान वळवली.

"बोलाव त्या फोटोवाल्याला."

"आय, तुला काय झालं नाय."

"बरं, नाय झालं. तरी बोलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवा सायकल घेऊन वाशीला गेला. नव्या शहरातली पहिली घरं वाशीतच झाली होती. चार मजल्यांच्या बिल्डिंगा, खाली गाळे. त्यातल्या एका गाळ्यात श्यामसुंदर नावाच्या माणसाचा फोटो स्टुडिओ होता. मूळचा मालवणकडचा, गिरगावात दुसऱ्याच्या स्टुडिओत दहा वर्षं काम करून त्यानं इथं स्वतःचं दुकान टाकलं होतं. त्याची बायको अरुणा मागच्या खोलीत टेबलाशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवत होती. माणसांच्या गालांवरचे डाग काढायचं काम तिचं.

शिवा चपला बाहेर काढून आत गेला. त्याच्या पायांवर मिठाची पांढरी पापडी होती. चकचकीत लादीवर पावलं उमटली, ती बघून तो पुन्हा दाराकडं सरकला.

"या, या. फोटो काढायचाय?" श्यामसुंदर म्हणाला. "पासपोर्ट साइज?"

"माझा नाय. आयचा."

"घेऊन या त्यांना. रविवारीही उघडं असतं."

"ती नाय येऊ शकत. घरी यायला लागंल. शिरवण्याला."

श्यामसुंदरनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग जरा हळू आवाजात विचारलं, "आहेत ना त्या? म्हणजे राग मानू नका. नसतील तर आत्ताच निघायला हवं, आणि सामान वेगळं घ्यावं लागतं."

"हाय," शिवा म्हणाला. "जिती हाय."

"आजारी आहेत?"

शिवानं मान हलवली. एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं. पण श्यामसुंदर वाट बघत होता. त्याला दिवस ठरवायचा होता.

"या आठवड्यात चालेल की लवकर यायला पाहिजे?"

आतली पेन्सिल थांबली. शिवानं काउंटरच्या काचेखालची पोरांची, नवरा-नवरीची चित्रं बघितली. दवाखान्याच्या व्हरांड्यातून तो जे घेऊन आला होता ते दीड महिना त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"लवकर या," तो म्हणाला. "ती मरनार हाय. डाक्टर बोललाय."

"उद्या येतो," श्यामसुंदर म्हणाला. "सकाळी आठच्या आत. नंतरचं ऊन डोळ्यांवर येतं."

तो खरंच आला. बसनं हायवेपर्यंत आला आणि तिथून खांद्यावर तिवई, गळ्यात कॅमेऱ्याची पेटी अशा थाटात बांधावरून चालत आला. गावातली माणसं घराबाहेर येऊन बघायला लागली. शेजारची दुर्गाबाई तर थेट ओटीवरच येऊन बसली. "आजारी मानसाचा फोटो काढू नये," ती म्हणाली. "काढला की मानूस जातंय."

"नाय काढला तर र्‍हातंय का?" गोजरा आतून म्हणाली. दुर्गाबाई हसली आणि मग पदर तोंडाला लावून बसली.

काशीनं येताना स्वतःचं नवं लुगडं आणलं होतं, हिरवं, जरीच्या काठाचं. ते ती आईला नेसवायला गेली. ताठ पोटावरून ते घसरायला लागलं. तीनदा खोचलं, तीनदा सुटलं. गोजराला दम लागला.

"हे कोनाचं लुगडं?"

"माझं, आय."

"मंग तुझाच फोटो काढ."

शेवटी तिचं निळं लुगडंच नेसवलं. धुऊन धुऊन ते आभाळासारखं फिकट झालं होतं, पण अंगाला बसलं. पुतळानं तिचे केस विंचरले. फणीत केसांचा पुंजका आला, तो तिनं मुठीत लपवून चुलीत टाकला.

आत उजेड पुरेना. श्यामसुंदरनं दारात, आंगणात, कुडाजवळ असं फिरून बघितलं आणि म्हणाला, "बाहेर आणावं लागेल. खाटेसकट आणा, हरकत नाही."

"खाटेवरून नाय," गोजरा म्हणाली. "खाटेवरून एकदाच जायचं असतंय."

शिवानं तिला उचललं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. भरलेली टोपली किती जड असते हे त्याच्या खांद्याला पाठ होतं. आई त्याहून हलकी होती, आणि जे काही वजन होतं ते सगळं पोटात होतं. उंबऱ्यावर तो आडवा होऊन, तिचं डोकं चौकटीला लागू नये म्हणून वाकून बाहेर पडला. कुडापुढं हातभर जागा सोडून स्टूल ठेवलं होतं, त्यावर तिला बसवलं. हात काढला तशी ती डावीकडं कलली. सावरली तर पुढं वाकली.

श्यामसुंदरनं हे पूर्वी पाहिलेलं होतं. "मागं एकजण बसा," तो म्हणाला. "वरून चादर टाकू. मागून धरायचं. फोटोत फक्त चादर दिसेल."

आधी शिवा बसला. त्याचे खांदे दोन्हीकडून बाहेर येत होते. मग काशी बसली. तिनं आईला धरलं आणि आईच्या पाठीला कपाळ टेकताच तिला रडू फुटलं. चादर हलायला लागली. श्यामसुंदर कॅमेऱ्यावरून डोकं उचलून थांबला. दुर्गाबाई म्हणाली, "काशे, ऊठ तू."

"मी धरतं," पुतळा म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली. चादर तिच्या डोक्यावरून खाली सोडली, कोपरे कुडाच्या काठ्यांना बांधले. वैशाखाच्या तोंडचं ऊन, त्यात चादरीखाली हवा नाही. तिनं दोन्ही हातांनी सासूची कंबर धरली. इतके दिवस ती हे अंग उचलत होती, वळवत होती, पण ते कामाचं धरणं होतं, लगेच सोडायचं. आता नुसतं धरून राहायचं होतं. लुगड्याखाली बरगड्या वरखाली होत होत्या.

"आजी, इकडं बघा," श्यामसुंदर म्हणाला. "या काचेकडं."

"तिकरं काय हाय?"

"काही नाही. नुसतं बघा."

पहिल्या खेपेला तिचे डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला शिवाच्या मागून कुणीतरी शिंकलं आणि तिनं मान वळवली. श्यामसुंदर न कंटाळता पुन्हा पुन्हा वाकत होता. उजेड सरकत होता. गोजरा थकली. ती सगळी मागं रेलली, आणि चादरीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "घट धर. पडंन मी."

"नाय पडनार," पुतळा आतून म्हणाली. तिचे हात घामानं निसटत होते. तिनं पकड बदलली, बोटं आणखी पुढं नेली.

श्यामसुंदरनं चार फोटो काढले. चौथ्याला गोजरानं काचेकडं सरळ बघितलं. पुढं बराच वेळ ती तशीच बघत होती, त्यानं कॅमेरा मिटला तरी.

चादर काढली तेव्हा पुतळाचा चेहरा लालभडक झाला होता आणि दंडांना मुंग्या आल्या होत्या. तिनं घागरीतलं पाणी तोंडावर मारलं. अर्ध्या तासानं ती आणि शिवा मिठागरात होती. त्या दिवशी फळी तिच्या हातून दोनदा सुटली.

चार दिवसांनी श्यामसुंदर स्वतःच प्रिंट घेऊन आला. माणूस पाठवला असता तरी चाललं असतं, पण त्याच्या मनात एक गोष्ट होती. ओटीवर बसून त्यानं पाकिटातून फोटो काढले. दोन वाया गेलेले, एकात डोळे मिटलेले. चौथा त्यानं वेगळा ठेवला होता.

"हा चांगला आलाय," तो म्हणाला. "पण माझी एक चूक झाली. कॅमेऱ्यातून मला दिसलं नाही."

काशीनं फोटो हातात घेतला. फिकट लुगड्यातली आई ताठ बसलेली होती. गालफडं वर आलेली, डोळे मोठे, नजर सरळ. आणि तिच्या कमरेच्या उजव्या बाजूला, लुगड्याच्या चुण्यांवर, चार बोटं. माणूस नाही, हात नाही, नुसती चार बोटं, नखं मिठानं खाल्लेली.

"ही काय हाय?" काशी म्हणाली.

"मागं ज्या बसल्या होत्या त्यांची. काळजी करू नका, माझी बायको रिटचिंग करते. निगेटिव्हवरून खरवडून टाकेल. कळणारही नाही."

"टाका काढून," काशी म्हणाली. "कसं दिसतंय ते. भूत धरल्यासारखं."

पुतळा दारात उभी होती. तिनं हात पदराखाली घेतले.

"मना दाखवा," आतून गोजरा म्हणाली.

या चार दिवसांत ती आणखी खाली गेली होती. पेजही उतरत नव्हती. शिवानं तिच्या डोक्याखाली हात घालून तिला जरा उठवलं आणि फोटो डोळ्यांसमोर धरला. तिनं तो हातात घेतला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. घरात आरसा होता, पण हाताच्या तळव्याएवढा. त्यात तिला आजवर एका वेळी एक डोळा, नाहीतर कपाळ एवढंच दिसलेलं होतं.

"ही बोटा पुतळाची," ती म्हणाली.

"आन् ही कोन?" काशीनं विचारलं.

गोजरानं बराच वेळ बघितलं.

"मी अशी दिसतं?"

"हां, आय."

"बरी हाय," ती म्हणाली.

श्यामसुंदर दारातून वाकून म्हणाला, "आजी, ती बोटं काढून टाकतो. नवीन करून देतो."

गोजरानं फोटो छातीवर पालथा ठेवला.

"राहू दे. काढली तर पडंन मी."

तिनं हे गमतीनं म्हटलं की नाही ते कळलं नाही. श्यामसुंदर मात्र हसला नाही. "बरं," तो म्हणाला.

तो गेल्यावर पुतळानं खाटेपाशी येऊन पाण्याची वाटी तिच्या ओठांना लावली. दोन थेंब आत गेले, बाकीचं हनुवटीवरून ओघळलं. पुतळानं ते नेहमीसारखं लगेच पुसलं. त्या वेळी भर दुपार होती, दार उघडं होतं, आणि गोजरानं तोंड भिंतीकडं केलं नाही.

ती गेली ती तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. शिवा मिठागरात होता. काशी विहिरीवर गेली होती. पुतळा तिला कुशीवर वळवत होती. अंग एकदम जड झालं, एवढंच तिला समजलं. तिनं तिला पुन्हा पाठीवर नीट ठेवलं, लुगडं सारखं केलं, डोळ्यांवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन दुर्गाबाईच्या दारात उभी राहिली.

"मावशे, आय गेली. कोनाला तरी मिठागरात पाठव."

शिवा धावत आला नाही. तो चालत आला, हातातली टोपलीही त्यानं बरोबरच आणली होती. ओटीखाली ती ठेवली, आत जाऊन आईच्या पायांपाशी बसला. संध्याकाळच्या भरतीआधी खाडीकाठी तिला अग्नी दिला.

अमावास्येला दोन दिवस उरले होते आणि सहा कोंड्या बाकी होत्या. घरात सुतक, तरी मीठ थांबत नव्हतं. दुर्गाबाईनं आपले दोन्ही मुलगे आणि सून मिठागरात लावली. मुकादम पहिल्या दिवशी येऊन गेला, बांधावर उभा राहिला आणि चिमूट न उचलताच परत गेला. पुतळा फळी ओढत होती. शेवटच्या दोन कोंड्यांत तिची फळी मधून जायला लागली. मीठ पांढरं निघालं. ते बघायला गोजरा नव्हती, आणि पुढल्या साली तिथं मीठही पिकणार नव्हतं. टोपली उतरवताना शिवाच्या तोंडून "हां" असा आवाज निघाला. तो त्यानं ऐकला आणि तसाच मागं वळला, दुसरी टोपली आणायला.

दहावं झाल्यावर काशी एकटीच वाशीला गेली. श्यामसुंदर बाहेर गेलेला होता. अरुणा दुकानात होती.

"शिरवण्याचा फोटो," काशी म्हणाली. "गोजराबाईचा. दोन मोठे करायचा निरोप भावानं दिलेला. एक भावाला, एक मना."

"झाले तयार करून," अरुणा म्हणाली. "आई गेल्या ना? यांनी सांगितलं."

तिनं दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले. काशीनं आपला उचलला.

"ह्यातली बोटा काढा."

अरुणानं फोटोकडं बघितलं. "त्या म्हणाल्या होत्या राहू द्या. यांनी मला मुद्दाम सांगितलं होतं."

"भावाच्या राहू द्या. माझ्यातली काढा."

"घरचे काही म्हणतात का?"

"घरच्यांचं नाय." काशीनं फोटोवरून पदर फिरवला. त्यावर धूळ नव्हती. "वहिनी, बापूस गेला तवा ती तिशीची पन नव्हती. मिठागरात सगले बापये, त्यात ही एकटी फली ओढायची. दोन पोरां पाठीमागं बांधावर बसलेली. आयला कोनी धरलेलं मी कवा बघितलं नाय. मना ती तशीच पायजे."

अरुणानं निगेटिव्ह काढली, खिडकीशी बसली, ब्लेडच्या टोकानं आणि पेन्सिलीनं ते काम केलं. दीड तास लागला. काशी बाकावर बसून होती. नवा फोटो झाला तेव्हा त्यात चुण्या होत्या, लुगडं होतं, बोटं नव्हती. गोजरा एकटीच ताठ बसली होती.

"हां," काशी म्हणाली. "हीच."

दिघ्यात काशीच्या घरी तो फोटो सासू-सासऱ्यांच्या शेजारी लागला. तिची मुलं मोठी झाली ती आजी अशी काठीसारखी ताठ बसायची असं समजून. शिरवण्यात दुसरा लागला. काशी भाऊबीजेला आली की त्याच्याकडं बघायची, पण कधी काही म्हणाली नाही. पुतळा दिघ्याला गेली की तिथल्याकडं बघायची. तीही काही म्हणाली नाही.

मिठागराच्या जागी भराव पडला. शिवाला कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. घराला विटांच्या भिंती आल्या, मागं दोन खोल्या काढल्या आणि त्या भाड्यानं द्यायला लागले. १९८६ साली त्यातली एक बघायला चारुलता नावाची बाई आली. नवरा वाशीच्या बाजारात नोकरीला होता, साताऱ्याकडची माणसं. खोली बघून झाली, मोरी बघून झाली. शिवा पाण्याच्या वेळा सांगत होता. पुतळानं तिला पुढच्या घरात बसवलं आणि चहा टाकला.

चारुलतेची नजर भिंतीवर गेली.

"तुमच्या सासूबाई?"

"हां."

"किती सरळ बघतायत हो." ती उठून फोटोपाशी गेली, वाकून बघू लागली. "आणि ही बोटं कुणाची?"

शिवानं दारातून आत बघितलं. तो सांगणार होता, आजारपणाचं, चादरीचं, फोटोवाल्याच्या चुकीचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते नेहमी सांगायचा.

"माझी," पुतळा म्हणाली, आणि चहा गाळायला बसली.